सिस्टरची तपासणी

आमच्या ऑफिसात त्यांना ‘मॅडम’ म्हणायची चूक नवा माणूस एकदाच करायचा. त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, समोरच्याकडे नीट बघून घ्यायच्या आणि त्याला कळो ना कळो, आपल्या मराठीत म्हणायच्या, “मॅडम कोन? मी सिस्टर आहो. सारी जवानी वॉर्डात घातली ते काय मॅडम व्हाले?” त्यामुळे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते वाचून कोणी शोधत आलं तर आम्हालाच क्षणभर विचार करावा लागे.

नर्सेसची नोंदणी करायची आणि नर्सिंग शिकवणाऱ्या कॉलेजांना मान्यता द्यायची की नाही ते ठरवायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. मी आधी एका ठिकाणी शिकवत होते, तिथून इथे आले. तपासणीला दोघींनी जायचं असा नियम. सिस्टर मुख्य, मी जोडीला. आता त्या ऑफिसात नाहीत आणि मुख्य मी झाले आहे. रायपूरच्या चारही बाजूंचे रस्ते मला पाठ आहेत. शेताच्या मध्येच उभी असलेली गुलाबी इमारत, फाटकाशी रांगेत उभ्या केलेल्या मुली, झेंडूचे हार, काजूची बशी. एका कॉलेजातून निघून दुसऱ्यात शिरताना कित्येकदा वाटतं, आपण मागच्या दाराने त्याच इमारतीत परत आलो. अशा वेळी सिस्टर आठवतात. थकवा त्यांनाही यायचा, पण माझ्या थकव्यासारखा तो गप्प बसणारा नव्हता. तो बोलायचा, भांडायचा, पोटभर जेवायचा.

सिस्टरचे वडील तुमसरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. माझे आले अकोल्याहून, तेही रेल्वेतच. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझी मुलगी घरी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते, त्यामुळे सिस्टरांशी बोलणं म्हणजे मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटे. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “वॉर्डात इतले मानसं सांभाळले, घरी आनखी एक कायले?”

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. परक्याला वाटायचं, बाई किती मायाळू! त्या नाडी मोजत असायच्या. एकदा मोठे साहेब त्यांच्यावर खवळले होते. कुठल्याशा कॉलेजसाठी ‘वरून’ सांगून आलं होतं आणि सिस्टरांनी अहवालाच्या शेवटी ‘शिफारस नाही’ असं लिहून टाकलं होतं. साहेब टेबलावर हात आपटत होते. सिस्टरांनी तो हात हवेतच धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. साहेबही बोलायचे थांबले. थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, “सर, बैठिए आप. बीपी की गोली खाई थी आज?” साहेबांनी खाल्ली नव्हती. ते बसले, शिपाई पाणी घेऊन आला. शिफारस मात्र बदलली नाही.

सचोटीचा अधिकारी तपासणीला गेला की तिथलं पाणीसुद्धा पीत नाही, असं आपण ऐकत आलो. सिस्टर सगळं खायच्या. पनीर, पुऱ्या, खीर, वरून पान. आचाऱ्याला बाहेर बोलावून त्याचं कौतुक करायच्या, खिरीत काय घातलं ते विचारायच्या. कॉलेजवाले खूश होऊन एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे. मी अवघडून बसायचे. पहिल्याच महिन्यात मी गाडीत त्यांना म्हटलं, “सिस्टर, इतकं जेवून मग विरोधात लिहायचं म्हणजे...” त्या म्हणाल्या, “काहून? जेवू घालनं त्यायचं काम, लिहिनं आपलं. आपन आपलं काम केलं, त्यायनं त्यायचं केलं.” सत्काराची शाल कोणी पांघरली की ती अंगावर घेऊनच वॉर्डात जायच्या आणि ज्या पेशंटच्या अंगावर पांघरूण नसेल त्याच्यावर टाकून यायच्या.

कॉलेजवाले जिला भीत, ती मात्र वेगळीच गोष्ट होती. कागद बघून झाले की सिस्टर सँडल काढून प्रात्यक्षिकाच्या खोलीतल्या खाटेवर आडव्या व्हायच्या. साठीला टेकलेली, चांगली भरल्या अंगाची बाई. “मी पेशंट,” त्या छताकडे बघत जाहीर करायच्या. “लकवा मार गया है. बायाँ हाथ-पाँव नहीं हिलता. अब करो, क्या करते हो.” आणि डावी बाजू खरंच अशी सोडून द्यायच्या की बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं. मुली आधी खिदळायच्या, मग घाबरायच्या. बऱ्याच ठिकाणी कोणी हातच लावत नसे. कोणी त्यांना पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवी. एका कॉलेजात त्यांना कुशीवर वळवताना दोन मुलींनी खाटेवरून जवळजवळ खालीच पाडलं. कमरेला लचक बसली, ती कितीतरी दिवस होती.

आणि एकदा त्या झोपल्या. महासमुंदच्या बाजूला एक लहानसं कॉलेज होतं. भिंतींना पोपडे, ग्रंथालयात दोन कपाटं, हार नाहीत, जेवायला वरण-भात. सिस्टर नेहमीप्रमाणे आडव्या झाल्या. दोन काळ्यासावळ्या मुली आल्या. एकीने कानाशी वाकून सांगितलं, “माताजी, आता आम्ही तुम्हाला वळवणार आहोत.” त्यांच्या बोलीत सांगितलं, पण अर्थ हाच. गरम पाण्यात हात बुडवून, पुसून, मग पाठीला लावला. पाठ पुसली, पावडर लावली, गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली. मी वहीत लिहीत होते. मान वर करून बघते तर सिस्टर घोरत होत्या. कोणी उठवलं नाही. जाग आल्यावर त्यांनी पदर सावरला आणि तिथेच बसून शिफारस लिहिली. गाडीत म्हणाल्या, “इमारत काय, आज ना उद्या होईल. परक्या हातात मानसाले झोप लागली, म्हंजे कोनीतरी शिकवलं आहे.”

सांगाड्याची गोष्ट तर ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक आहे. काही कॉलेजं सामान एकमेकांकडून आणतात. पुस्तकं, सूक्ष्मदर्शकं, बाळंतपण शिकवायचा रबरी पुतळा, सगळं तपासणीपुरतं टेम्पोतून येतं आणि जातं. एका कॉलेजात शरीरशास्त्राच्या खोलीत सांगाडा टांगलेला होता. सिस्टर त्याच्यासमोर थांबल्या. त्याचा खालचा एक दात तुटलेला होता आणि बरगडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. त्यांनी त्याचं मनगटाचं हाड धरलं आणि फार आपुलकीनं विचारलं, “काय भाऊ? काल तं तुम्ही धमतरी रोडले होते नं? इतल्या लवकर बदली झाली?” प्राचार्य हसायला लागले, मग हसता हसता ‘धमतरी रोड’ ध्यानात येऊन त्यांचा चेहरा उतरला. मला त्या दिवशी हसू आवरेना. आता मला असे सांगाडे दिसतात तेव्हा हसू येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत कधी सिस्टर एक वाक्य म्हणायच्या. “चुकलेला कारकून फाइल मारते. चुकलेली नर्स मानूस मारते.” एकदा मी सहज विचारलं, “आणि चुकलेला इन्स्पेक्टर?” त्या डबा पुसत होत्या. म्हणाल्या, “तो कोनाले मारते, ते त्याले जलमभर कळत नाही. दूर कुठंतरी मरते तो मानूस.” आणि उठून हात धुवायला गेल्या.

रायपुरात पंडरी भागातल्या कपडा मार्केटात एका गृहस्थांचं मोठं दुकान आहे. ते कॉलेजांना युनिफॉर्मचं कापड पुरवायचे. पुरवता पुरवता त्यांच्या लक्षात आलं की कापडापेक्षा कॉलेज बरं. मग अभनपूरच्या पुढे त्यांनी कॉलेज काढलं आणि त्याला जोडून इस्पितळ. नर्सिंगच्या मुलींना शिकायला खरे पेशंट लागतात म्हणून इस्पितळ असावंच लागतं. माणूस विनम्र होता. सिस्टरांच्या पाया पडला. “दीदी, मैं तो कपड़ेवाला आदमी हूँ. आप जो गलती बताएँगी, सुधार लेंगे.” मी सिस्टरांना हळूच मराठीत म्हटलं, “हा फार गोड बोलतो, जपून.” तो हसून म्हणाला, “मेरा ननिहाल गोंदिया में है, दीदी. मराठी सब समझता हूँ.” त्याचं आजोळच गोंदियाचं निघालं. मी गोरीमोरी झाले.

इस्पितळाच्या वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या. नव्या चादरी, प्रत्येक खाटेला नवा कोरा तक्ता. झोपलेल्या बायकांच्या पायांना शेतातला चिखल होता आणि त्या एकमेकींशी गप्पा मारत होत्या. आम्हाला बघून गप्प झाल्या आणि डोळे मिटून घेतले. भाड्याचे पेशंट आम्ही आधीही पाहिले होते. सिस्टर एकेका खाटेपाशी जाऊन मनगट धरत पुढे जात होत्या. एकीला विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “पूछ के बताहूं.” विचारून सांगते!

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. सिस्टरांनी तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. खाली वाकल्या. तिच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना.

“का होगे दाई?” काय झालं आई, असं त्यांनी तिच्या बोलीत विचारलं.

“कुछु नइ होय हे बेटी,” म्हातारी म्हणाली. “ओमन कहिन सुते रह, त सुते हंव.” काही झालं नाही, त्यांनी झोपून राहा म्हटलं, म्हणून झोपले आहे.

“साँस फूलथे का?”

“ओ तो गाँव म घलो फूलथे.” धाप तर गावातही लागते.

सिस्टर वळल्या. भिंतीपाशी तिसऱ्या वर्षाच्या मुली इस्त्रीच्या कपड्यांत उभ्या होत्या. त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं टिकेश्वरी. “इनकी आँख देखो. क्या दिखता है?” टिकेश्वरी म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. तिने कधी आजारी माणसाला हात लावलेला नव्हता. तिच्यासमोर आजवर आजारी माणूस आलाच नव्हता. ती रडायला लागली. सिस्टर रागावल्या नाहीत. तिचा अंगठा धरून त्यांनी म्हातारीच्या डोळ्याखाली ठेवला आणि हळूच खाली ओढायला लावला. आत कागदासारखं पांढरं होतं. रक्त जवळजवळ नव्हतंच.

सकाळपासून त्या म्हातारीच्या खाटेजवळून सगळं इस्पितळ ये-जा करत होतं. ती सोंग करायला आणलेली बाई म्हणून कोणी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“तपासनी बंद,” सिस्टर मला म्हणाल्या. “गाडी लाव.” आम्ही म्हातारीला आमच्या गाडीत घातलं. टिकेश्वरीलाही त्यांनी बसवलं. म्हातारीचं डोकं तिच्या मांडीवर. थेट रायपूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथला वॉर्ड भरून वाहत होता, जमिनीवरही गाद्या होत्या, कोणी कण्हत होतं, कोणी ओरडत होतं. टिकेश्वरी दारातच थबकली. असा वॉर्ड ती पहिल्यांदा बघत होती.

म्हातारी वाचली. रक्त द्यावं लागलं, एक बाटली आमच्या ड्रायव्हरने दिली. बरी झाल्यावर तिने सिस्टरांना विचारलं, “मोर लुगरा?” दिवसभर झोपून राहिलं तर संध्याकाळी लुगडं मिळणार असं ठरलं होतं, आणि आम्ही तिला दुपारीच उचलून आणलं होतं. सिस्टर मला घेऊन पंडरीला त्या दुकानात गेल्या. मालक गादीवर बसले होते. सिस्टर म्हणाल्या, “भैया, तुमच्या पेशंटचं लुगडं द्या. तिनं काम पुरं केलं.” त्यांनी मुकाट्याने एक काढून दिलं. खोटं कशाला बोलू, चांगल्यातलं दिलं.

सिस्टरांनी अहवाल लिहिला आणि कॉलेजची मान्यता थांबली. मला वाटलं, चला, एक तरी तड लागली.

दुसऱ्या आठवड्यात मुली ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. कोणी कवर्ध्याची, कोणी गरियाबंदची. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या बसून. मान्यता गेली म्हणजे परीक्षा थांबली, परीक्षा थांबली म्हणजे तीन वर्षं पाण्यात. सिस्टर सकाळी पायऱ्या चढताना त्या बाजूला सरकून वाट द्यायच्या. तिसऱ्या दिवशी टिकेश्वरी उभी राहिली.

“दीदी, कॉलेज झूठा था. हमको तो मालूम नहीं था ना.”

“मालूम है बेटा.”

“सजा हमको मिली.”

सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या, दुपारपर्यंत एक कागद हलवला नाही. मग मला म्हणाल्या, “म्या चूक लिहिलं का?”

“नाही, सिस्टर.”

“मंग हे पोट्ट्या काहून बसून राहिल्या बाहेर?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, त्या तशाच बसून होत्या.

त्या रविवारी सिस्टरांनी मुलींना आपल्या घरी बोलावलं. पुरानी बस्तीत, देवळाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दिवाणावर पेशंट झोपायचा, म्हणजे सिस्टर किंवा मुलींपैकीच कोणी. मग त्यांनी गल्लीतली खरी माणसं धरली. शेजारचे एक गुरुजी पडून होते, मुलींनी त्यांना अंघोळ घातली. समोरच्या काकूंच्या पायाची जखम धुतली. हळूहळू गल्लीतल्या बायका स्वतःच येऊ लागल्या: “दीदी, जरा बीपी देख दो.” मीही कधी जायचे. त्या दोन गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांच्या पाठी त्या वर्षी जितक्या स्वच्छ राहिल्या, तितक्या त्याआधी कधी नसतील. सिस्टर ओरडायच्या, चिडायच्या, मुलींच्या हातावर फटका मारायच्या आणि इतक्या आनंदात असायच्या की मला त्यांचा हेवा वाटे.

इकडे पंडरीवाल्यांनी अपील केलं. सुनावणीला मी हजर होते. ते उभे राहिले आणि हात जोडून समितीला म्हणाले, “सर, दीदी ने खुद अपने हाथ से लिखा है कि मरीज की हालत गंभीर थी. अब जिस अस्पताल में गंभीर मरीज भर्ती हो, वो अस्पताल नकली कैसे हुआ?”

अध्यक्षांनी अहवाल पुन्हा वाचला. होय, तसं लिहिलेलं होतं. सिस्टरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी त्यांच्यासोबत काम केलं त्या सगळ्या काळात त्यांना शब्द सापडला नाही असं ते एकदाच झालं. निकाल राखून ठेवला गेला.

त्याच सुमारास एक निनावी तक्रार आली. पुरानी बस्तीत एका खाजगी घरात मान्यता नसलेली नर्सिंगची संस्था चालते आणि ती चालवणारी बाई मान्यता देणाऱ्या ऑफिसातलीच आहे. मोठ्या साहेबांनी सिस्टरांना बोलावून विचारलं, काय करायचं? सिस्टर म्हणाल्या, “जाँच कराइए. इसी को भेजिए, नियम से करती है.”

मी गेले, या वेळी एकटीच. सिस्टर दारात उभ्या होत्या, धुतलेली पांढरी साडी नेसून. आत मुली रांगेत उभ्या. मी म्हटलं, “सिस्टर, काय हे. मी दोन ओळी लिहून देते, सोडा.”

“काहून सोडू?” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याले सोडतो का आपन? नीट कर.”

मी नीट केलं. जोडलेलं इस्पितळ, नाही. प्रयोगशाळा, नाही. शिकवणाऱ्या, एक, तीही लवकरच निवृत्त होणारी. ग्रंथालय, एक कपाट. त्यांनी मला पाटवडीचा रस्सा वाढला, समोर बसून जेवू घातलं. मग मी प्रात्यक्षिकाच्या रकान्यात ‘उत्तम’ असं लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं.

“हे खोड.”

“पण खरं आहे, सिस्टर.”

“खरं असू दे. उद्या गुर्जींले कुशीवर घेताना एखाद्या पोट्टीनं त्यायचं हाड मोडलं, तं कोन जबाबदार? इथं डॉक्टर आहे? देखरेख आहे? मी एकटी म्हातारी. मी मेली तं ह्यायले कोन पाहील?” मुली ऐकत होत्या, त्यांना मराठी अर्धंमुर्धंच कळत असावं, पण आवाज कळत होता. “चांगल्या मनानं चालवलेलं घर हे इस्पितळ होत नाही. तो नियम म्या इतकी वर्षं दुसऱ्यायले सांगितला. लिही.”

मी ‘उत्तम’ खोडलं. ‘शिफारस नाही’ लिहिलं. खाली त्यांची सही लागते, ती त्यांनी केली. मग मुलींकडे वळून म्हणाल्या, “अगले इतवार से मत आना. मेरे पास मान्यता नहीं है.” एक मुलगी विचारत होती, “तो दीदी, हम सीखें कहाँ?” त्या भांडी उचलून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला.

सोमवारपासून सिस्टरांनी रजा टाकली. रोज सकाळी मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन अधीक्षकांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसू लागल्या. त्या मुलींना इथल्या वॉर्डात, इथल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली काम करू द्या, एवढंच मागणं. अधीक्षक भले होते, पण त्यांना वरून कागद हवा होता. मग सिस्टर वरच्या ऑफिसात जाऊन बसल्या. तिथून परत खाली. कोणावर आवाज चढवला नाही. एकदा मी भेटायला गेले तर बाकावर मान टाकून झोपलेल्या होत्या, पर्स छातीशी धरून. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. शेवटी आदेश निघाला. सहा महिन्यांसाठी मुलींना वॉर्ड मिळाला, परीक्षेचीही वाट मोकळी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पंडरीवाल्यांच्या अपिलाचा निकाल लागला. कॉलेजची मान्यता परत आली. मुलींच्या प्रमाणपत्रांवर नाव त्याच कॉलेजचं छापून आलं. सिस्टरांनी मला ते सांगितलं तेव्हा त्या चहा पीत होत्या. “असू दे,” म्हणाल्या. “हात तं त्यायचे आहेत.” आणि कप विसळून ठेवला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता अमरावतीला भाचीकडे असतात. गुडघ्यांमुळे बसतात-उठतात जेमतेम.

या वर्षी त्या कॉलेजच्या तपासणीची पाळी माझी होती. इमारतीला नवा रंग लागला आहे. हार झाले, काजू झाले. प्रात्यक्षिकाच्या खोलीत शिकवणारी बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. खाटेवर एका मुलीला झोपवून ती बाकीच्यांना पापणी कशी ओढायची ते दाखवत होती. “नाखून नहीं, अंगूठे का गद्दा लगाओ. धीरे.” ती वळली तेव्हा ओळखलं. टिकेश्वरी! तिने नमस्कार केला, पण नजर वर केली नाही. तिला इथेच नोकरी लागली होती. घरी आजारी वडील, रायपूर सोडता येत नाही, असं तिने मला चालता चालता सांगितलं.

प्राचार्यांनी आम्हाला खालचा वॉर्ड दाखवला. तिथे खरोखरचे सात-आठ पेशंट होते. मला बरंच वाटलं. आम्ही परत निघालो, प्राचार्य जेवणाची घाई करत होते. जिन्यापाशी टिकेश्वरी उभी होती.

“दीदी,” ती म्हणाली, “ऊपर का वार्ड रह गया.”

प्राचार्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिच्या जागी मी असते तर माझी जीभ टाळ्याला चिकटली असती. तिने पुढे होऊन वॉर्डाच्या दाराचा पडदा बाजूला धरला आणि मी आत जाईपर्यंत धरूनच ठेवला. आत नव्या चादरींवर चिखलाच्या पायांच्या बायका डोळे मिटून पडल्या होत्या.

परत येताना मी गाडीतून सिस्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे भाचीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

“शिकवते कशी?” त्यांनी विचारलं.

“चांगलं शिकवते, सिस्टर.”

“अन् तू काय लिहिलं?”

“जे दिसलं ते.”

टीव्हीचा आवाज बंद झाला. “म्हंजे नोकरी जाईल तिची.”

“ती माझ्या अहवालाने नाही जायची. पडदा धरून उभी राहिली तेव्हाच तिची नोकरी गेली असणार.”

“हव,” सिस्टर म्हणाल्या. रायपूर सुटलं, पण हा छत्तीसगढी होकार काही सुटला नाही. मग म्हणाल्या, “तिचा नंबर पाठव मले. अन् तिच्या बापाले काय झालं ते इचारून सांग. बाप सोबत नेता येईल अशी जागा पाहावी लागन.”

मी नंबर पाठवला. गाडी पंडरीच्या चौकात अडकली होती, दुकानांचे दिवे लागत होते. घरी पोचले तेव्हा मुलगी म्हणाली, “मम्मी, आप बहुत थकी दिख रही हो.” मी हो म्हटलं आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेमेतऱ्याच्या रस्त्याला आणखी एका कॉलेजात जायचं होतं.